बोक्याचं हृदय आणि अर्धी गोळी

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारनंतरचा सोमवार. रक्कम सातशे रुपये, रोख. हजर चार जण: मी, माझी आई, जनावरांच्या कॉलेजातल्या रोगनिदान विभागाच्या डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस. आमचा बोकाही होता, पण तो थर्माकोलच्या खोक्यात होता आणि मेलेला होता, म्हणून त्याला हजर धरत नाही.

पैसे भरले, पावती मिळाली, आणि त्या दिवशी काम झालं नाही.

मदतनिसांनी खोक्याची चिकटपट्टी कापली, आतली प्लास्टिकची पिशवी उचलली आणि ती टेबलावर ठेवली तेव्हा दगड ठेवल्यासारखा आवाज झाला. डॉक्टर खिडकीपाशी काहीतरी लिहीत होत्या. आवाज ऐकून त्या वळल्या. तिशीतल्या असतील, केस वर बांधलेले, पायात रबरी गमबूट. त्यांनी पिशवीवर बोटाने टकटक केलं.

"हे काय केलंत? फ्रीझरमध्ये ठेवलं होतं?"

मी हो म्हटलं.

"कोणी सांगितलं फ्रीझरमध्ये ठेवायला? बर्फात ठेवा सांगतो आम्ही. बर्फात."

मदतनीस म्हणाले, "मॅडम, सुरमईचा वास येतोय याला."

सुरमईचा वास येणारच होता. त्याचं कारण सांगण्यासाठी शनिवारपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो, चौथ्या मजल्यावर. मी, बायको आणि आई. मी अंधेरीला एका कारखान्यात हिशेब बघतो, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. बोका वडिलांनी आणलेला. त्याला नाव नव्हतं. वडील त्याला "काय साहेब" म्हणायचे आणि आई "मेल्या" म्हणायची, दोन्हींना तो ओ द्यायचा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर बोका आईच्या पायाशी झोपू लागला, आणि दुपारी दोघं एका ताटलीतला बांगडा खात बसलेली मी पाहिली आहेत, म्हणजे डोकं त्याला आणि बाकीचा तिला.

त्या शनिवारी दुपारी एकच्या सुमारास बोका गॅलरीत ओरडला. मांजर भांडताना ओरडतं तसं नाही. मी गेलो तर तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होता, मागचे दोन्ही पाय फरफटत येत होते. हात लावला तर मागचे पाय गार होते. पुढचे गरम, मागचे गार. तोंड उघडं टाकून तो धापा टाकत होता.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असतो, पाचला उघडतो. फोन लागत नव्हता. आई म्हणाली, "दुखतंय रे त्याला. बघवत नाही." आणि तिने अडकित्ता काढला.

आमच्या घरात गोळी अडकित्त्याने कापतात. अडकित्ता वडिलांचा, सुपारीचा. आईच्या रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी अर्धीच सांगितली होती, तेव्हापासून अडकित्ता सुरू झाला, आणि मग प्रत्येक गोळीला तोच लागू झाला. पूर्ण गोळीने अंगात उष्णता होते, असं आईचं म्हणणं. कुणाचं डोकं दुखो, पाठ दुखो, ताप असो, आधी अर्धी. उरलेली अर्धी ती वेष्टनात गुंडाळून पुढच्या माणसासाठी ठेवते. मला दहावीच्या परीक्षेत ताप होता तेव्हाही अर्धीच मिळाली होती, फक्त तेव्हा ती दाताने तोडलेली होती.

बोक्याला तिने तापाची, अंगदुखीची नेहमीची गोळी दिली. अर्धी, कुस्करून, बांगड्याच्या सारात. तो चाटून प्यायला. मी समोर उभा होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास तो गेला. डॉक्टरांचा फोन त्यानंतर लागला. मी स्पीकरवर ठेवला होता, कारण आईलाही ऐकायचं होतं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गोळी दिलीत? कुठली?" मी नाव सांगितलं. त्यांनी किती दिली ते विचारलं. मग म्हणाले, "अहो, मांजराला ती विष असते. अर्धीसुद्धा जास्त झाली." नंतर त्यांनी पुष्कळ काही सांगितलं: कदाचित दुसरंही कारण असेल, पाय गेले म्हणजे हृदयाचं काही असू शकतं, नक्की जाणून घ्यायचं असेल तर सोमवारी कॉलेजात शवविच्छेदन करून घ्या, तोवर बर्फात ठेवा. आई त्यातलं एकही वाक्य ऐकत नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि साराची वाटी घासू लागली.

मी म्हटलं, "आई, कॉलेजात न्यायचं का?"

"ने," ती पाठमोरीच म्हणाली. "मला कळायला हवं."

बर्फ आणायला मी शेजारच्या काकींकडे गेलो. काकी मालवणच्या. गावाहून मासळी मागवतात आणि सोसायटीत विकतात, त्यासाठी त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला एक आडवा डीप फ्रीझर आहे. बोक्याचं ऐकून त्या लगेच आल्या. त्याला बघून त्यांनी डोळे पुसले आणि मग कामाला लागल्या.

"बर्फ खंय पुरतलो रे दोन दिस? रात्रीपर्यंत पाणी होतला. माझ्या डीपात ठेव."

"काकी, त्यांनी बर्फात सांगितलंय."

"अरे, डीपात म्हणजे बर्फापेक्षा बरा. माझी सुरमय महिनोभर रवता, तर ह्यो दोन दिस रवाचो नाय?" मग आवाज खाली आणून, "फक्त गिऱ्हाईकांका सांगा नको."

हे मला पटलं. थंड चांगलं तर जास्त थंड अधिक चांगलं, हा हिशेब सरळ होता. काकींनी सुरमईला गुंडाळतात तसं त्याला दोन पिशव्यांत गुंडाळलं, हवा काढली, कोळंबी एका बाजूला सरकवली आणि मध्ये जागा केली.

रविवारी संध्याकाळी बायकोने मला गॅलरीत बोलावलं.

"अरे, आईंचा गोळ्यांचा डबा बघ. कालचा खण भरलेला, आजचाही."

आईकडे वारांचे खण असलेला प्लास्टिकचा डबा आहे. सहा वर्षांत एकही खण चुकलेला मी पाहिला नव्हता. मी जाऊन विचारलं.

"नको," आई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. मला त्या गोळ्या बघवत नाहीत."

"बोक्याची गोळी वेगळी, तुझी वेगळी."

"तुला काय माहीत? कालपर्यंत तुला माहीत होतं का, मांजराला ती विष असते? उभा होतास ना समोर?"

बायकोने प्रयत्न केला, गोड बोलून, मग रागावून. आईने दोघांनाही चहा करून दिला, आणि गोळी घेतली नाही.

म्हणून सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही खोकं घेऊन निघालो. खोकं काकींचंच, त्यावर निळ्या शाईने बंदराचं नाव होतं. रिक्षावाल्याने विचारलं, "सुरमई आहे की पापलेट?"

"मांजर," आई म्हणाली.

"जिवंत?"

"नाही."

पवईपर्यंत तो आरशातून खोक्याकडे बघत होता. मग म्हणाला, "वेटिंग पडेल हां, नंतर कटकट नको."

आता डॉक्टरांकडे परत येतो. त्यांनी हातमोजे काढले आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. बोलताना त्या माझ्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होत्या.

"आजी, मासा फ्रीझरमध्ये टिकतो कारण आपल्याला तो खायचा असतो. मला खायचं नाहीये, मला बघायचंय. शरीर पेशींचं असतं, पेशीत पाणी. पाणी गोठलं की फुगतं, त्याचे काटे होतात, आणि पेशी फुटतात. रक्तातल्या पेशी तर आधी फुटतात. गोळीने मांजराच्या रक्तातल्या पेशी आणि यकृत बिघडतं. म्हणजे मला जे बघायचं होतं तेच तुम्ही फोडून आणलंय."

"काकींनी सांगितलं," आई म्हणाली.

"कोण काकी?"

"मासळीवाल्या."

डॉक्टरांनी एकदा डोळे मिटून उघडले. "ठीक आहे. मोठ्या गोष्टी दिसतील. हृदय, रक्तवाहिन्या, गाठी. पण हा दगड आज कापता येणार नाही. दोन दिवस आमच्या शीतगृहात हळूहळू सुटू दे. बुधवारी या. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचे पैसे वेगळे असतात, ते भरू नका, त्यातून काही निघणार नाही."

मंगळवारी मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी आईचा रक्तदाब मोजला. वरचा एकशे शहात्तर, खालचा शंभर. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजला. तेच. जाताना दारात मला म्हणाले, "समजवा त्यांना. या वयात हे असं फार दिवस चालायचं नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर मग आपण धावपळ करून उपयोग नाही."

आईने ते ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, "उद्या बुधवार आहे ना? उद्या कळेल. मग बघू."

"आणि नाही कळलं तर?"

तिने ताकाचा पेला उचलला आणि प्यायली.

बुधवारी आम्हाला अडीच तास बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये फॉर्मलिनचा वास होता, डोळ्यांना झोंबणारा. भिंतीवर घोड्याचा तक्ता, बाहेरून अर्धा घोडा आणि आतून अर्धा. आई पदर नाकाला लावून तो तक्ता बघत बसली होती. "किती आतडं असतं," एकदा म्हणाली, बाकी काही नाही. मी ऑफिसचे दोन फोन घेतले. दोन्ही जीएसटीचे.

डॉक्टर बाहेर आल्या, हात पुसत. "मोठं कारण सापडलं. तोंडी सांगू की दाखवू? दाखवलं तर त्रास नाही ना होणार, आजी?"

"आयुष्यभर मासे साफ केलेत," आई म्हणाली. "दाखवा."

बोका कुठे दिसला नाही. टेबलावर फक्त स्टीलचा ट्रे होता आणि त्यात, ओल्या कापसावर, हृदय. उभं चिरून उघडलेलं. लिंबाएवढं असेल. मदतनिसांनी वरचा दिवा लावला.

"चांगल्या मोठ्या बोक्याचं हृदय वीस ग्रॅमच्या आत असतं," डॉक्टर म्हणाल्या. "हे एकतीस भरलं. ही डावी भिंत बघा. पाच मिलिमीटरपर्यंत चालते, सहाच्या वर गेली की आजार. ही नऊ आहे. इतकी जाड झाली की आत रक्ताला जागाच उरत नाही. हा आजार बोक्यांमध्ये बराच असतो, बाहेरून काही कळत नाही. खातात, पितात, झोपतात. वर्ष-दोन वर्षं तरी असणार हा. वरच्या कप्प्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी सुटली आणि खाली गेली, मागच्या पायांकडे दोन फाटे फुटतात ना, तिथे जाऊन बसली. घोड्यावर खोगीर बसतं तशी." दुसऱ्या लहान ट्रेमध्ये काळपट काहीतरी होतं, मनुकेसारखं, दोन शेपट्या असलेलं. "म्हणून पाय गेले. म्हणून गार झाले."

"आणि गोळी?" आई म्हणाली.

"गोळीचं मला सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गोळीने त्याला त्रास झाला असेल किंवा नसेल. तास-दोन तास लवकर गेला असेल किंवा नसेल. फ्रीझ झालं नसतं तर कदाचित सांगता आलं असतं. खोटं कशाला बोलू तुमच्याशी? मांजराला ती गोळी द्यायची नसते, हे खरंच आहे. त्यांच्या यकृतात ती पचवण्याची सोय जवळजवळ नसते, माणसाच्या असते. पण मला एक सांगा, आजी. पाय आधी गेले की गोळी आधी दिली?"

"पाय आधी."

"नक्की?"

"पाय गेले म्हणूनच दिली ना. नाहीतर कशाला देईन?"

"मग आजाराने पाय गेले, आणि मग तुम्ही गोळी दिलीत. हा क्रम आहे. ही गुठळी बसल्यावर फार थोडी मांजरं वाचतात. दवाखाना उघडा असता, मी स्वतः तिथे असते, तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं."

आई ट्रेकडे बघत राहिली. मदतनीस दिवा बंद करायला गेले, डॉक्टरांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"माणसाचंही असंच होतं का?" आईने विचारलं.

"कसं?"

"भिंत जाड होणं. बाहेरून न कळणं."

"होतं. माणसाचं हृदय वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडतं. का?"

"यांचा खांदा दुखत होता," आई म्हणाली. "डावा. दुपारी जेवून झाल्यावर. घामही आला होता, पण मे महिना होता. मी अर्धी गोळी दिली, हीच. म्हटलं पडा जरा. चार वाजता चहाला उठवायला गेले तर." ती थांबली. "आमच्या डॉक्टरांनी दाखल्यावर हार्ट लिहिलं. त्यांनी आत बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नाही. मी गोळीचं कुणाला सांगितलं नाही."

हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. दोन वर्षांपूर्वी त्या दुपारी मी ऑफिसात होतो, फोन आल्यावर निघालो, पोचायला सव्वा तास लागला. पोचल्यावर दाखला, स्मशानाची पावती, नातेवाइकांना फोन, ही कामं मी केली होती. गोळीचं आईने सांगितलं नव्हतं आणि मी काही विचारलं नव्हतं. आता त्या खोलीत मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी बघत होतो की ट्रेच्या कडेला एक आकडा कोरलेला आहे, चौदा, आणि तो चौदा आहे की एकोणीस हे ठरवत होतो. चौदाच होता.

डॉक्टर स्टूल ओढून आईच्या समोर बसल्या.

"आजी, मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसांबद्दल मी बोलू नये."

"बोलू नका. एवढंच सांगा. ती गोळी माणसाला विष असते का? अर्धी?"

"नाही. अर्धी गोळी माणसाला विष नसते. तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, तेही हेच सांगतील."

"आणि यांचं दुखणं आधी होतं," आई म्हणाली. हे ती डॉक्टरांना सांगत नव्हती. "खांदा आधी. गोळी मग."

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

मदतनीस खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक म्हैस बांधलेली होती, तिच्या पोटाला बँडेज होतं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, हे हृदय विभागात ठेवून घेतलं तर चालेल का. इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं, मुलांना शिकवायला उपयोग होईल. बरणीवर मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक आणि आजार.

"ठेवा," आई म्हणाली. "पण गोळीचंही लिहा."

"त्याची गरज नाही, आजी."

"लिहा. आजार आधी, मग अर्धी गोळी दिली. तसं लिहा. पोरांना कळू दे की देऊ नये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पेन्सिलने चिठ्ठीवर तसं लिहिलं, आईला वाचून दाखवलं आणि बरणीत सोडली. फॉर्मलिनमध्ये शाई उतरते, पेन्सिल राहते, असं मदतनीस म्हणाले.

परतीला रिक्षा मिळाली. वडिलांबद्दल काहीतरी बोलायला हवं, असं विक्रोळीपर्यंत वाटत होतं. मी म्हटलं, "आई, मला सांगायचंस ना."

"सांगून काय केलं असतंस?"

मी विचार केला. "काही नाही," म्हटलं.

"मग," ती म्हणाली.

घराच्या वळणावर तिने रिक्षा थांबवायला लावली आणि मेडिकलच्या दुकानात शिरली. मी मागून गेलो. तिने पर्समधून जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची अर्धवट पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"ही मी अर्धी घेते. याची निम्म्या ताकदीची, पूर्ण गोळी मिळते का? तोडावी लागणार नाही अशी?"

दुकानदाराने चिठ्ठी वाचली. "मिळते ना. ही पाच मिलिग्रॅमची आहे, अडीचची येते. आजी, इतकी वर्षं तोडत बसलात? आधी विचारायचं ना!"

"आधी विचारलं नाही," आई म्हणाली.

त्याने पट्टी काढून दिली. आईने ती उलटी करून बघितली, तारीख शोधली, मग चष्मा आणला नव्हता म्हणून माझ्यापुढे धरली आणि मी तारीख वाचून दाखवली. दुकानात ग्राहकांसाठी पाण्याचा माठ होता. तिने एक गोळी सोलली. लहान, पांढरी, गोल. तळहातावर घेऊन ती थोडा वेळ बघत राहिली. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "मावशी, जरा लवकर." तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि पेला उपडा ठेवला.

मी पाकीट काढलं होतं. तिने माझा हात बाजूला केला.

कॉलेजला गेले सातशे, ते सोमवारीच भरले होते आणि मी भरले होते. पंधरा गोळ्यांचे बेचाळीस रुपये झाले. ते आईने दुकानदाराला दिले, सुटे.